युरे–सिल्व्हर्टनचा घाट, कॅम्पर व्हॅनमधून : तुमचे अनुभव लिहा

कोलोरॅडोतल्या युरे गावात व्हॅन लावून चार रात्री राहून आलो आणि अजून मन तिथेच आहे. ७,७९२ फुटांवरचं, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेलं चिमुकलं गाव. तिथून रेड माउंटन पास ओलांडून सिल्व्हर्टनला जाणारा रस्ता म्हणजे मिलियन डॉलर हायवे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो केलाय. व्हॅनमध्ये राहिलात, शिजवलंत, झोपलात, त्याबद्दल लिहा. यंदा पहिल्यांदा जाणाऱ्यांना उपयोग होईल. सुरुवात मी करते.

आम्ही युरेहून सिल्व्हर्टनकडे निघालो, म्हणजे दरीची बाजू आमची. पांढरी पट्टी, तिच्यापलीकडे हातभर डांबर आणि मग थेट खोल घळ. बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. हिवाळ्यात बर्फ ढकलायला जागा लागते म्हणून तो बसवत नाहीत, असं तिकडे सांगतात. लहानपणी वरंधा घाट एसटीने कितीदा केलाय, पण इथे पहिले काही मैल माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बेअर क्रीक धबधब्यापाशी गाडी लावायला जागा आहे, तिथे उतराच. १८८०च्या दशकात ऑटो मीअर्सने हा रस्ता काढला तेव्हा त्याचा टोलनाका इथेच होता. परतताना डोंगराची बाजू मिळाली, तेव्हा कुठे डोळे भरून बघता आलं. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी सिल्व्हर्टनपलीकडच्या ड्युरँगो गावाकडून वर यावं.

•

सासू-सासरे सोबत होते. सिल्व्हर्टन ९,३१८ फुटांवर आहे, तिथे पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. हे वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो तूरडाळीमुळे. कुकर कशाला, जागा अडते, म्हणून पातेलं नेलं होतं. पाऊण तास डाळ खदखदत होती. सासूबाईंनी दाणा बोटांत दाबला तर बाहेरून मऊ आणि आत पांढरा, टणक ठिपका तसाच. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा तेच. शेवटी भाकरी आणि ठेचा. घरून निघताना घट्ट लावलेली लोणच्याची बरणी उघडली तर फस्सकन हवा सुटली आणि तेल ओट्यावर. पुढच्या खेपेला तीन लिटरचा कुकर नेला. शिट्टी झाली तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. कुकर न्याच.

आणि ज्येष्ठांना एकदम वर नेऊ नका. सासऱ्यांनी पहिल्या रात्री डोकं धरलं, डोळ्याला डोळा नाही. सकाळी युरेला उतरलो, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाकाठी निवांत बसलो, संध्याकाळी बरं वाटलं. आधी एक रात्र ड्युरँगोला काढायला हवी होती.

•

चढावर व्हॅन धापा टाकते, घाबरू नका. पास ११,०१८ फुटांवर आहे, हवा विरळ, टर्बो नसेल तर इंजिनाची जवळपास तिसरा हिस्सा ताकद जाते. खरी काळजी उताराची. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. मी बसलो होतो. तो जळका वास अजून आठवतो.

•

सप्टेंबरअखेरीस एकटी गेले. अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधम्मक, सूर्य आला की अख्खा उतार उजळतो. पण रात्री पारा शून्याखाली. हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. व्हॅन देणाऱ्यांनी बॅटरी उत्तम आहे म्हणून दिली आणि पहाटे तीनला ती बसली. सगळे कपडे अंगावर चढवून उजाडायची वाट पाहिली. नळातलं पाणीही गोठलं होतं. व्हॅन घेताना हीटर तासभर चालवून बॅटरीचा आकडा बघा, लाजू नका.

•

मी ड्युरँगोला शिकत होतो. २०१५च्या ऑगस्टमध्ये सिल्व्हर्टनच्या वरच्या गोल्ड किंग खाणीतलं साठलेलं पाणी साफसफाईच्या कामात फुटलं आणि अ‍ॅनिमस नदी हळद कालवल्यासारखी झाली. १ कोटी लिटरहून जास्त पाणी होतं ते. तेव्हापासून मी कळकळीने सांगतो : खाणींच्या बाजूच्या ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी टाकीत भरू नका, आणि आपलं भांड्यांचं पाणी तिथे ओतू नका. अजून एक. युरे हे इथल्या मूळच्या युट लोकांच्या प्रमुखाचं नाव. तो १८८० साली गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या लोकांना इथून युटामध्ये हुसकावलं. गावात फिरताना हे माहीत असावं.

•

माझे बाबा एसटीत चालक होते. पूर्ण घाटभर ते माझ्या शेजारी बसून न बोलता माझ्या हातांकडे बघत होते. घाटात बर्फ काढणाऱ्या चालकांचं स्मारक आहे. रस्ता मोकळा करताना हिमकडे कोसळून गेलेली तीन माणसं : १९७०, १९७८, १९९२. बाबांनी मला सालं वाचून दाखवायला लावली. मग टोपी काढली. "रस्ता चालू ठेवायला गेले रे," म्हणाले. गाडीत बसल्यावर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हातांवरची नजर काढून बाहेर बघितलं.