रिचर्ड पेटीचे २०० विजय: खरा विक्रम की फुगलेला आकडा?

पाचवा_गिअर:
नॅसकारचा (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींचा) विषय निघाला की कुणीतरी "पेटी, २०० विजय" म्हणतो आणि चर्चा तिथेच खुंटते. हा आकडा जरा खरवडून बघा. १९७१ पर्यंत एका मोसमात ४५-५० शर्यती व्हायच्या, आठवड्याला दोनही. बऱ्याचशा जेमतेम शंभर मैलांच्या, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर. १९६७ मध्ये पेटीने २७ शर्यती मारल्या. त्या वर्षी डेव्हिड पिअर्सन आणि केल यारबरो हे त्याचे तगडे प्रतिस्पर्धी निम्म्या शर्यतींनाही उतरले नव्हते. १९७२ पासून मोसम ३१ शर्यतींवर आला. तेव्हापासूनचे पेटीचे विजय ६०, आणि नंतरच्या पिढीतल्या जेफ गॉर्डनचे ९३. आता बोला.

शार्लटकर:
साफ असहमत. १९६७ चे सलग १० विजय घ्या. सुरुवात झाली विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रेला. फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलाचा ट्रॅक तो, ओव्हरटेक करायचं तर समोरच्याचा बंपर ढोसावा लागतो. पण त्याच दहांत डार्लिंग्टनची सदर्न ५०० पण आहे, पाचशे मैलांची मोठी शर्यत! शर्यती छोट्या होत्या म्हणता, तर बाकीच्यांना कुणी अडवलं होतं? इथल्या, शार्लटच्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये गाड्या चढावर मांडल्यात, शेवटी उतार ३३ अंशांचा, टॅलाडेगाच्या ट्रॅकवरच्या वळणांसारखा. मी तिथे नुसता उभा राहिलो तरी पोटऱ्या भरून आल्या.

खडखडाट:
पोटऱ्या राहू द्या, सरासरी बघा. डेव्हिड पिअर्सन: ५७४ शर्यती, १०५ विजय. पेटी: ११८४ मध्ये २००. टक्केवारीत पिअर्सन पुढे. दोघं पहिला-दुसरा आले ६३ वेळा, त्यात पिअर्सन ३३, पेटी ३०.
आणि १९७६ ची डेटोना ५००! शेवटच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळले, भिंतीला लागले, गरगरत गवतात गेले. पेटीची गाडी रेषेपासून हाकेच्या अंतरावर बंद पडली, स्टार्टर मारतोय तर इंजिन ढिम्म. पिअर्सनने गरगरतानाच क्लच दाबून इंजिन चालू ठेवलं होतं. बैलगाडीच्या वेगाने रेषा ओलांडून गेला पठ्ठ्या. डोकं म्हणतात ते हे.

शार्लटकर:
@खडखडाट, टक्केवारीचा खेळ अर्धाच सांगितलात. पेटीचा २०० वा विजय १९८४ चा आणि निवृत्ती १९९२ ची. मधल्या दोनशेहून जास्त शर्यतींत एकही विजय नाही. त्या वजा करा, मग टक्केवारी २० च्या वर जाते. पिअर्सन वेचून शर्यती खेळायचा. पेटी धुणं वाळत घालावं तसा रोजच्या रोज हजर.

चहा_कटिंग:
माझा आपला एक खडा. १९८३, शार्लट, १९८ वा विजय. तपासणीत इंजिन ठरल्यापेक्षा मोठं निघालं, डाव्या बाजूचे टायर उजवीकडे लावलेले. ३५ हजार डॉलर दंड, १०४ गुण कापले आणि विजय मात्र कायम ठेवला! दुसऱ्या कुणाला एवढी सवलत मिळाली असती का?
(अवांतर: १९५९ मध्ये लेकवुडला रिचर्ड पहिला विजय साजरा करत होता, तेव्हा मोजणीवर आक्षेप घेऊन तो काढून घेतला त्याच्या सख्ख्या बापाने, ली पेटीने. म्हणजे हिशेब फिटला म्हणायचं.)

पाचवा_गिअर:
बापाचा किस्सा भारी. तरी माझं मत कायम. फार तर १९९ वर तडजोड करतो.

शार्लटकर:
१९९ कसले? ४ जुलै १९८४, डेटोना. दोन लॅप उरलेल्या असताना मागे अपघात झाला. पिवळा झेंडा (सावधानतेचा इशारा) दाखवला गेला, म्हणजे आता रेषेवर आधी पोचेल तोच पुढे राहणार होता. पेटी आणि यारबरो दारंला दारं घासत आले, पेटी बॉनेटभर पुढे. गोंधळात यारबरो एक लॅप आधीच पिटमध्ये वळला आणि दुसऱ्याचा तिसरा झाला. राष्ट्राध्यक्ष रीगन वर बसून बघत होता. ही शर्यत ४०० मैलांची होती, मोसम ३० शर्यतींचा, आणि पेटी ४७ वर्षांचा.

खडखडाट:
४६. दोन दिवसांनी वाढदिवस होता 😄 २ जुलै.

शार्लटकर:
दोन दिवस आधी हो, नंतर नाही. ४७ च.