सुट्टीत वसतिगृहातच राहणार आहे. पाच आठवडे कसे घालवावेत?

प्रश्न

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. दोन सत्रांमधील पाच आठवड्यांच्या सुट्टीत विभागाच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून तीन दिवस काम करण्याची परवानगी मिळाल्यामुळे मी घरी न जाता वसतिगृहातच राहणार आहे. मागच्या सुट्टीतही मी असाच राहिलो होतो, पण पहिल्याच आठवड्यात झोपेची वेळ पहाटे ४ वर गेली, वाचण्यासाठी राखून ठेवलेली पुस्तके उघडलीही गेली नाहीत आणि मजल्यावर दुसरे कोणी नसल्यामुळे काही दिवस एकाही माणसाशी न बोलता गेले. या वेळी तसे होऊ नये असे मनापासून वाटते. ज्यांनी अशी सुट्टी काढली आहे त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १

मी पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या मिळून चार सुट्ट्या वसतिगृहात काढल्या आणि तुम्ही वर्णन केलेला पहिला आठवडा माझ्याही वाट्याला आला होता. हा तुमचा आळस आहे असे मला वाटत नाही. सत्र चालू असताना सकाळची तासिका, प्रात्यक्षिके आणि मेसच्या वेळा आपल्याला उठवतात, चालवतात आणि झोपवतात. सुट्टी लागली की हे सगळे एका रात्रीत थांबते. शिवाय माणसाच्या शरीरातील घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो आणि विशीच्या आसपास ते उशिराकडे अधिकच झुकते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते रोज जागेवर येते. पडदे लावून दुपारपर्यंत झोपले की तो उजेड चुकतो आणि झोपेची वेळ दररोज थोडी पुढे सरकत जाते. म्हणून झोपण्याच्या वेळेशी झगडू नका, उठण्याची वेळ पक्की करा आणि उठल्यावर अर्ध्या तासात खोलीबाहेर पडा. पहिले तीन-चार दिवस जड जातील.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेचे तीन दिवस सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे विखरून मागा. सलग तीन दिवस घेतले, तर गुरुवारपासून रविवारपर्यंत चार मोकळे दिवस एकदम समोर येतात, आणि माझ्या पहिल्या दोन सुट्ट्या नेमक्या अशाच दिवसांत वाहून गेल्या.

उत्तर २

व्यवस्थेच्या बाजूने थोडे सांगते. सुट्टीत वसतिगृहांची दुरुस्ती आणि रंगकाम निघते, त्यामुळे राहिलेल्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा एका बाजूच्या खोल्यांत हलवतात. तुम्ही स्वतःहून रेक्टरना अर्ज देऊन इतर राहणाऱ्यांच्या मजल्यावर खोली मागितली, तर एकटेपणाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. मेस किती दिवस बंद आहे, ग्रंथालयाच्या वेळा कशा बदलल्या आहेत, आरोग्य केंद्रात डॉक्टर केव्हा असतात आणि रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो, हे सुट्टी लागण्यापूर्वीच विचारून लिहून ठेवा, कारण नंतर कार्यालयात उत्तर द्यायला कोणी भेटेलच असे नाही. प्रयोगशाळेच्या परवानगीचे पत्रही जवळ असू द्या.

उत्तर ३

पुस्तके उघडली जात नाहीत, याचे कारण बहुधा ती फार निवडलेली असतात. पाच आठवड्यांसाठी एकच विषय घ्या, शक्यतो मागील सत्रात कच्चा राहिलेला. वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. सुट्टीतील अभ्यासाला परीक्षेची घाई नसते, त्यामुळे ही पद्धत अंगवळणी पाडायला हाच काळ योग्य आहे. मात्र रोज दीड-दोन तासांच्या पुढे जाऊ नका. सत्राचा शीण उतरणे हेही या सुट्टीचे काम आहे.

उत्तर ४

न बोलता जाणाऱ्या दिवसांविषयी मला काळजी वाटते. भेटी योगायोगावर सोडू नका. घरी फोन करण्याची वेळ ठरवा आणि मागे राहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर संध्याकाळी चालायला किंवा खेळायला जायचे ठरवा. दोन-तीन आठवडे उलटूनही मन उदास राहिले, झोप आणि भूक बिघडली, तर प्रयोगशाळेचे काम अर्धवट राहील याचा विचार न करता घरी जा किंवा समुपदेशकांना भेटा. प्राध्यापकांना सांगितले तर ते समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खोली बदलून मिळण्याचा अर्ज आज रेक्टरांकडे दिला आणि त्यांच्याकडूनच कळले की आमच्या वसतिगृहात आणखी सहा जण राहणार आहेत. प्राध्यापकांनीही सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे दिवस मान्य केले आहेत. विषय म्हणून रेषीय बीजगणित निवडले आहे, कारण मागील सत्रात तेच सर्वांत कच्चे राहिले.