मदत हवी आहे: किड्यांचे गण-कुळ कशावरून ओळखायचे? पेटीतली पाच लेबलं चुकली

भिंगवाली

नमस्कार मंडळी. मी इंदूरला बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कीटकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पेटी द्यावी लागते. किडे धरायचे, टाचायचे, वाळवायचे आणि खाली गण (मोठा गट) आणि कुळ (त्यातला लहान गट) लिहायचं. पावसाळाभर लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवर दिव्यासमोर पांढरी चादर बांधून बसले होते (शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "पोरीचं सगळं ठीक आहे ना?"). शिवाय सांवेरकडे मामाच्या सोयाबीनमध्ये दोन दिवस काढले. आता पेटी परत आलीय आणि पाच लेबलांवर लाल काट आहे. कारण विचारलं तर म्हणे, "पुस्तक बघ." अहो, पुस्तकातल्या चित्रांशी ताडूनच तर लिहिलं होतं!

फोटो इथे चढत नाहीयेत, वर्णनावर भागवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे माझ्याकडे.

पहिली मधमाशी, तुळशीच्या मंजिऱ्यांवर मिळाली. पिवळे-काळे पट्टे. हायमेनॉप्टेरा (मधमाश्या-मुंग्यांचा गण) लिहिलं होतं. दुसरा सोयाबीनवरचा हिरवा, ढालीच्या आकाराचा भुंगा, धरला की घाण वास मारतो. त्याला कोलिऑप्टेरा, म्हणजे भुंगेऱ्यांचा गण. तिसरा चतुर, रात्री दिव्याला आला, करडा, जाळीदार पंखांचा. ओडोनाटा, म्हणजे चतुरांचा गण. चौथा भुंगेरा तांबूस-पिवळा, पाठीचा मागचा भाग काळपट, सोयाबीनवरच मिळाला. कोलिऑप्टेरा हा गण बरोबर, पण क्रायसोमेलिडी (पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं) हे कुळ कापलं. पाचवा पाणढेकूण, मामाच्या शेततळ्यातून गाळणीने काढलेला, पाठीवर अंड्यांची चळत. हेमिप्टेरा, बेलोस्टोमॅटिडी दोन्ही बरोबर, पण त्यापुढे मी "मादी" लिहिलं होतं ते खोडलंय. पाठीवर अंडी आहेत आणि मादी नाही? मग कोण?

सोमवारी दुरुस्त पेटी द्यायचीय.

पोहेजिलबी

पुढच्या वर्षी गच्ची सोड, रात्री सराफ्यात ये. दिवेही आहेत आणि खायलाही मिळतं. बाकी मला झुरळ सोडून काही ओळखता येत नाही, पण धागा वाचतोय.

निवृत्त_शेतकी

पोरी, तुझी चूक तुझी एकटीची नाही, आपल्या मराठीचीही आहे. घरमाशी, मधमाशी, गांधीलमाशी या तिन्ही आपल्याला माश्याच. लाकूड पोखरणारा, मधमाशीच्या गणातला काळा किडाही "भुंगा" आणि शेणातला किडाही "भुंगा". रंग, पट्टे, आकार पाहून आपण नाव ठेवतो. किडेही नेमके तिथेच फसवतात. म्हणून आधी पंख मोजायचे, मग तोंड, मग मिशा, शेवटी पाय. रंग बघायचाच नाही. १७५८ साली लिनिअसने गण पाडले ते मुख्यतः पंखांवरूनच. ती 'प्टेरा'ची शेपटी म्हणजे ग्रीकमधला पंख. डिप्टेरा दोनपंखी, कोलिऑप्टेरा म्यानपंखी, हेमिप्टेरा अर्धपंखी. नावातच अर्धं उत्तर आहे आणि ते कोणी वर्गात सांगत नाही, याचा मला नोकरीभर राग होता.

तुझ्या "मधमाशी"चे पंख मोज. घाई करू नको, कारण खऱ्या मधमाशीचा मागचा लहान पंख पुढच्याला बारीक आकड्यांनी अडकलेला असतो आणि दोन मिळून एकच वाटतो. सुईने हलकेच सोडवून बघ. एकच जोडी असेल तर पंखांच्या मागे गाठ असलेल्या दोन काड्या शोध. त्या संतोलक, म्हणजे मागच्या पंखांचं उरलेलं रूप, उडताना तोल सांभाळतात. मिशा आखूड, डोळे डोकंभर, असं असेल तर ती डिप्टेरातली सिरफिडी. गांधीलमाशीचे कपडे घालून फिरणारी निरुपद्रवी माशी. तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात, तेव्हा तिला शेतात मारू नये.

हिरव्याला उलटा कर. चावायचे जबडे आहेत का, की छातीखाली दुमडलेली सोंड? पाठीवर मधोमध मोठा त्रिकोण दिसतोय? पंख पुढे चामड्यासारखे आणि टोकाला पारदर्शक? मग तो भुंगेराच नव्हे, हेमिप्टेरा. मिशीचे भाग मोज, पाच भरले की पेन्टॅटोमिडी. नावाचा अर्थच पाच तुकड्यांची.

भिंगवाली

काका, मोजलं!! माशीला एकच जोडी. त्या काड्या दिसल्या, अगदी टाचणीच्या डोक्यासारखं टोक. हिरव्याला सोंड आहे, मिशीचे पाच भाग आहेत. आता लाज वाटतेय.

निवृत्त_शेतकी

लाज कसली. टाचणी कुठे मारलीस त्याला?

भिंगवाली

उजव्या पंखात, भुंगेऱ्याला मारतात तशी.

निवृत्त_शेतकी

तिथेच सरांनी पकडलं असणार. भुंगेऱ्याला उजव्या कडक पंखात, तुझ्या हिरव्यासारख्या ढेकण्याला पाठीवरच्या त्या त्रिकोणात, किंचित उजवीकडे. टाचणी चुकीच्या जागी दिसली की तपासणारा लेबल वाचायच्या आधीच लाल पेन उघडतो.

रातकिडा_बडोदे

चतुराबद्दल मी सांगतो. आम्हीही लहानपणी चतुर आणि टाचणी (त्याचं बारीक अंगाचं भावंड) यांत घोळ घालायचो. (टाचणीला टाचणी मारताना शाळेत फार हसायचो, असो.) चतुराच्या मिशा केसाएवढ्या, असून नसल्यासारख्या. तुझ्याच्या मिशा जाड, पुढे गाठ असलेल्या आहेत का? आणि बसताना पंख पसरले होते की छपरासारखे अंगावर मिटले होते?

भिंगवाली

छपरासारखे! आणि एक मिशी शाबूत आहे, टोकाला गाठ आहे खरी. मिशी आखूडच आहे, डोकं आणि छाती मिळून होईल तेवढी.

रातकिडा_बडोदे

मग गण न्यूरॉप्टेरा, कुळ मिरमेलिऑन्टिडी. वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंग्या पकडणारी अळी पाहिलीयस ना, देवळाच्या ओट्याखाली वगैरे? तिचं हे मोठेपणीचं रूप. मिशी अंगाएवढी लांब असती तर घुबडमाशी म्हटलं असतं.

जाता जाता माझा प्रश्न. पहिल्या पावसानंतर आमच्याकडे बडोद्यात दिव्याखाली पंखांचा सडा पडतो. आई पंखवाल्या मुंग्या म्हणते, शेजारचे उधई म्हणतात.

निवृत्त_शेतकी

शेजारी बरोबर, उधई म्हणजे वाळवीच. मुंगीची कंबर बारीक, मिशी कोपरात वाकलेली, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीची कंबर जाड, मिशी सरळ, मण्यांच्या माळेसारखी, चारही पंख जवळपास सारखे. गण मात्र जपून लिहा. जुन्या पुस्तकांत आयसॉप्टेरा, आता शास्त्रज्ञ वाळवीला झुरळांच्या ब्लॅटोडियातच धरतात. परीक्षेत अभ्यासक्रम म्हणेल ते.

भिंगवाली

राहिले दोन. भुंगेऱ्यावर मी अडलेय. क्रायसोमेलिडी म्हणून मी पायाचे सांधे मोजूनच लिहिलं होतं, पावलाला चार दिसले.

निवृत्त_शेतकी

सांधे मोजलेस म्हणजे तू मन लावून केलंयस. पण इथे चारवर निकाल लागत नाही. पानं खाणारे आणि लांब मिशांचे, दोन्ही कुळांत पावलाला खरे पाच सांधे असतात. चौथा इवलासा, तिसऱ्याच्या खोबणीत लपलेला, म्हणून दोघांत चारच दिसतात. त्यांना वेगळं करायला वर बघ. मिशी अंगाएवढी आहे का? डोळ्याला खाच पडून तो मिशीच्या बुडाला कवेत घेतोय का? तसं असेल तर लांब मिशांचं कुळ, सेरॅम्बिसिडी, आणि सोयाबीनवर मिळाला म्हणजे बहुधा चक्रभुंगा. मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल कापे घेते आणि मधल्या भागात अंडं घालते. वरचा शेंडा सुकतो, अळी आतून खोड पोखरत जाते. मामांना विचार, शेंडे माना टाकलेले दिसले होते का. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७पासून तुझ्याच गावात आहे, तिथल्या लोकांचा हा रोजचा पाहुणा.

आणि पाणढेकूण. तो बाप आहे. मादी त्याच्या पाठीवर अंडी चिकटवून निघून जाते. पिल्लं बाहेर येईपर्यंत हा ती वागवतो, पृष्ठभागावर येऊन त्यांना हवा लागू देतो. अंड्यांखाली पंख अडकलेले, उडायची सोय नाही. म्हणूनच तुझ्या गाळणीत आला.

पोहेजिलबी

आता मला त्या पाणढेकणाबद्दल वाईट वाटतंय.

भिंगवाली

डोळ्याला खाच आहे, मिशी मागे वळवली तर शेपटापर्यंत पोचते. मामाला फोन केला. तो म्हणाला, शेंडे तर किती दिवस वाळतायत, मला वाटलं पाणी कमी पडलं.

पाचही लेबलं नव्याने लिहिली. पाणढेकणाखाली "नर" लिहिताना आईला वाचून दाखवलं, ती बाबांकडे बघून हसली. एकच घोटाळा झाला. हिरव्याची टाचणी काढताना हात शेजारी लागला आणि न्यूरॉप्टेराची ती शाबूत मिशीच तुटली. मिशीशिवाय सर पुन्हा लाल काट मारायचे. काका, वाळलेला किडा पुन्हा मऊ करायला ओल्या वाळूचा बंद डबा चालतो ना, त्यात बुरशी लागू नये म्हणून काय घालू? आणि आज ढग आहेत, चादर परत बांधतेय. दुसरा मिळाला तर दोन्ही मिशांसकट हवा.

निवृत्त_शेतकी

कार्बोलिक ॲसिडचे दोनचार थेंब वाळूत, किड्यावर नाही. ते हाताला लागू देऊ नको. रात्रभर पुरे. चादरीचा खालचा काठ जमिनीवर पसरून ठेव, निम्मे किडे तिथे पडतात.