प्रतिसाद: सरवटे आणि छपाईतली रेघ

वरच्या प्रतिसादात कुणीतरी व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांना नुसतं 'पुलंचे चित्रकार' म्हणून मोकळं झालंय. अर्धवट आहे ते. पेशाने स्थापत्य अभियंता असलेल्या या माणसाने 'ललित' मासिकातल्या जयवंत दळवींच्या सदरातल्या ठणठणपाळला चेहरा दिला आणि स्वतः लेखनही केलं.

बाकी, त्यांच्यासारखी मोजकी रेघ छापायची तर मूळ चित्र छापील मापाच्या दीडपट काढावं. ६ इंची छपाईसाठी ९ इंच. ०.६ मिमीची रेघ मग लहान करून छापताना ०.४ होते, ठसठशीत दिसते. तिप्पट काढलंत तर तीच ०.२ वर येते आणि कागदावर तुटू शकते. दाट तिरप्या रेघांच्या फटीत शाई भरून काळा डाग पडतो, तो वेगळाच. चित्रातल्या माणसाच्या हातातल्या छत्रीचा पार बोळा होतो!