फिजिक्समधून पेटंटच्या कामात जायचं तर एलएलबी लागतं का?

प्रश्न (फोटॉन_पुणे):
बीएस्सी-एमएस्सी पुण्यातून, पीएचडी जर्मनीत, विषय फायबर ऑप्टिक सेन्सर. पोस्टडॉक संपत आलाय. दुसऱ्यांच्या शोधांचे अर्ज लिहून दाखल करणारा पेटंट एजंट व्हायला आधी तीन वर्षांचं एलएलबी करावं लागेल का? आणि परीक्षेत आपल्यासारखे नेमके कुठे आपटतात?

क्लेमकरी:
एलएलबी लागत नाही. पेटंट कायदा 1970, कलम 126 बघा: भारतीय नागरिक, वय 21 पूर्ण, भारतातल्या विद्यापीठाची विज्ञान किंवा तंत्रज्ञानातली पदवी, आणि परीक्षा पास. बीएस्सी पुण्याची आहे ना, मग जर्मन पीएचडीच्या समकक्षतेची भानगडच नाही.

पेपर 1 कायदा आणि नियमांचा, 100 गुण. पेपर 2 ड्राफ्टिंगचा, म्हणजे पेटंटचा मसुदा लिहिण्याचा, 100. तोंडी 50. दोन्ही लेखी पेपरांत किमान 50 हवेत, शिवाय एकूण 60 टक्के, म्हणजे 250 पैकी 150. लेखीत काठावर 50-50 मिळाले तर तोंडीत पैकीच्या पैकी लागतील, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. परीक्षा दरवर्षी होतेच असंही नाही. 2018 नंतरची थेट 2023 मध्ये झाली. तोवर एखाद्या फर्ममध्ये प्रायर आर्ट सर्चचं, म्हणजे तसंच काही आधीपासून माहीत आहे का ते शोधायचं, काम धरा.

लाल_शाई:
आपटतात ते पेपर 2 मध्ये, आणि ते चांगलं फिजिक्स येतं म्हणूनच. तुमचंच उदाहरण घ्या. फायबर ब्रॅग ग्रेटिंगचा (फायबरच्या गाभ्यातली, ठराविक तरंगलांबी परत पाठवणारी जाळी) तापमान सेन्सर आहे. शोधनिबंध लिहायची सवय असलेला माणूस पहिल्याच क्लेममध्ये (हक्क नेमका कशावर, हे सांगणाऱ्या वाक्यात) '1550 नॅनोमीटरचा लेसर' लिहून मोकळा होतो. प्रतिस्पर्ध्याने 1310 वापरला की तो क्लेमच्या बाहेर. पहिल्या क्लेममध्ये नुसता 'प्रकाशस्रोत' म्हणा, 1550 खालच्या अवलंबी क्लेममध्ये, म्हणजे पहिल्यावर टेकून त्यात बारकावा घालणाऱ्या क्लेममध्ये, टाका. वर्णनात मात्र आकडे हात आखडता न घेता द्या. शोध कसा करून बघायचा हे वर्णनातून कळलं नाही तर तोही आक्षेपच.

दुसरं, समीकरणाचा मोह. नुसतं सूत्र क्लेम केलं की कलम 3(के) मधली 'गणिती पद्धत' किंवा 3(सी) मधलं 'वैज्ञानिक तत्त्वाचा शोध' हा आक्षेप ठरलेला. तरंगलांबी किती सरकली हे मोजणारा डिटेक्टर आणि त्यावरून तापमान काढणारा प्रोसेसर, असं उपकरणाच्या अंगाने लिहा. आणि 'द डिटेक्टर' म्हणायच्या आधी कुठेतरी 'अ डिटेक्टर' आलेला असू द्या. क्षुल्लक वाटतं, पण क्लेम संदिग्ध ठरतो तो अशानेच.

गोषवारा साधारण 150 शब्दांत बसवा. त्यात 'क्रांतिकारी' वगैरे नको, ते प्रेसनोटला ठेवा.

तारीख_पे_तारीख:
एलएलबीबद्दल थोडी भर. पेटंट कार्यालयात अर्जावर निर्णय देणाऱ्या कंट्रोलरपुढची सुनावणी एजंट चालवू शकतो. पण 2021 मध्ये अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून अपिलं थेट हायकोर्टात जातात, आणि तिथे युक्तिवादाला वकीलच लागतो. कोर्टाची हौस असेल तरच एलएलबी करा, तेही दोन-तीन वर्षं ड्राफ्टिंग करून झाल्यावर. वकिलीची सनद घेतली की कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, हेही बघा.

खरी झोप उडवतात त्या मुदती. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या अर्जानंतर 12 महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचा पूर्ण मसुदा. पहिल्या परीक्षण अहवालाला 6 महिन्यांत उत्तर, फी भरून आणखी 3. चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरतात, मग शोध कितीही भारी असो.

फोटॉन_पुणे:
आभार. प्रीप्रिंट, म्हणजे छापून येण्याआधीचा निबंध, आधी ऑनलाइन टाकून नंतर अर्ज केला तर?

लाल_शाई:
नवीनता गेली असं धरून चाला. आधी निदान प्रोव्हिजनल दाखल करा, पावती हातात आली की मग प्रीप्रिंट.