अमळनेरला असं बदनाम करू नका
एक पोरगी बेपत्ता झाली म्हणून अख्खं अमळनेर मुलींसाठी सेफ नाही म्हणताय, हे अजिबात पटत नाही भाऊ. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात बायका-पोरी रात्री उशिरापर्यंत बिनधास्त फिरतात, साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते गाव आहे हे. पोरीची काळजी आम्हालाही आहे हो, घास उतरत नाहीये. पण अफवा फॉरवर्ड करून ती सापडणार का? बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायला २४ तास थांबा असा कुठलाच नियम नाही, आणि १८ च्या आतली असेल तर पोलिसांना अपहरणाचा गुन्हाच नोंदवावा लागतो. काही दिसलं असेल तर ११२ ला फोन करा, आणि अमळनेरवरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ रेल्वे लाइनवर कोणी नातेवाईक असतील त्यांना फोटो पाठवा, स्टेशनांवर बघायला सांगा.