मदत हवी आहे: फेकरला सीड देऊनही दर वेळी वेगळी नावं येतात

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका दूध डेअरीसाठी संकलनाचं छोटं सॉफ्टवेअर बेळगावात बसून लिहितोय. तपासायला डेअरीची खरी वही मुद्दामच मागितली नाही. कुणाचं दूध किती, बिल किती, उचल किती, ते माझ्या लॅपटॉपवर कशाला हवं? म्हणून पायथनची फेकर लायब्ररी (खोटी नावं, तारखा, आकडे बनवून देते ती) घेऊन खोट्या सीएसव्ही फाईली बनवतोय. ५०० सभासद, ३० दिवस, दोन वेळचं दूध, म्हणजे ३०,००० ओळी.

फेकरचं भारतीय इंग्रजी लोकेल (देश-भाषेची सेटिंग) लावलं तर देशभरची आडनावं आली, आपल्याकडची फारशी नाहीत. मग फेकरच्या बेसप्रोव्हायडरवरून स्वतःचा प्रोव्हायडर (नावं पुरवणारा भाग) केला. गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीच्या वहीतून नुसती आडनावं उतरवली: पाटील, घाडी, बिर्जे, गुरव, बडिगेर, हिरेमठ, मुल्ला, चौगुले. तीच तीच येत होती म्हणून सेटमध्ये (एक नाव एकदाच ठेवणारा संच) टाकली, त्याचं टपल (ठरलेल्या क्रमाची यादी) करून रँडम_एलिमेंटला, म्हणजे त्यातलं कुठलंही एक उचलणाऱ्या फंक्शनला, दिलं.

सीड, म्हणजे दर वेळी तेच आकडे यावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा, २२ दिलाय (केए २२, बेळगावच्या गाड्यांचा नंबर, दुसरा कुठला सुचणार!). तरी सभासद ००४७ एकदा बिर्जे येतो, पुन्हा चालवलं की हिरेमठ. गंमत म्हणजे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) सगळं तेच, आडनाव तेवढं बदलतं. आडनावाप्रमाणे लावलेल्या बिलाच्या यादीत काल एक सभासद दोनदा आला. कारण शोधायला परत चालवलं तर गायब. असा बग पकडायचा कसा?

दुसरं, फॅट मी ३ ते ९ मध्ये कुठलंही घेतलं होतं. डेअरीच्या सेक्रेटरींनी नमुना बघितला आणि म्हणाले, "एकाच म्हशीला सकाळी चार आणि संध्याकाळी नऊ? असं आलं तर मी आधी मशीन बघेन, मग माणूस."

शिवाय एक्सेलमध्ये उघडलं की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि ००४७ चा नुसता ४७ होतो. फोनवरून लिहितोय, कोड संध्याकाळी टाकतो.

प्रतिसाद १
कोड नको, दुखणं सेटमध्ये आहे. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचा (मजकुराचा) हॅश, म्हणजे सेटमधली जागा ठरवणारा आकडा, प्रत्येक वेळी नव्या मिठानं (मिसळलेल्या रँडम आकड्यानं) काढला जातो, त्यामुळे सेटमधला क्रम प्रोग्राम पुन्हा सुरू केला की बदलतो. सीडमुळे फेकर दर वेळी पाचवंच आडनाव उचलतो, पण पाचव्या जागी बसलेला माणूस बदललेला असतो. आकडे तेच राहतात ते म्हणूनच. सेट ठेवा, फक्त टपल करण्याआधी सॉर्टेड लावा, म्हणजे क्रम पक्का होईल.

प्रतिसाद २
तारखा कशा घेतल्यात? फेकरच्या डेट_बिटवीनला "-30d" दिलं असेल तर ते आजपासून मोजतं. आज फाईल जुळेल, उद्या सगळ्या तारखा एक दिवस सरकतील. ठरलेल्या तारखा द्या. आणि फॅटला पायथनचं वेगळं रँडम वापरू नका, फेकरचा सीड त्याला लागू होत नाही. प्रोव्हायडरमध्ये सेल्फ.जनरेटर.रँडम मिळतं, त्याचंच गॉस (सरासरीच्या आसपासचे आकडे देणारं फंक्शन) घ्या.

फॅटचं म्हणाल तर आधी सभासदाचं जनावर ठरवा. गाय असेल तर ३.५ च्या आसपास, म्हैस ६-७. तो आकडा त्या सभासदाला चिकटवून ठेवा आणि रोज त्यात दोन-तीन पॉइंटचा (०.२-०.३) फरक करा. संध्याकाळचं फॅट किंचित चढं ठेवा, दोन धारांमधलं अंतर कमी असतं ना. पण सगळंच गुळगुळीत करू नका हं. लाईट गेली म्हणून फॅट रिकामं, एकच नोंद दोनदा, ५.२ च्या जागी ५२, अशा थोड्या ओळी हातानं घुसडा. सॉफ्टवेअर पडतं ते अशाच ओळींवर.

एक्सेलसाठी फाईल यूटीएफ-८-सिग एन्कोडिंगनं लिहा. ००४७ साठी डबल क्लिक न करता डेटा मेनूतून आणा आणि त्या कॉलमला टेक्स्ट म्हणा.

धागाकर्ता
दादा, दोघांचेही आभार. सॉर्टेड लावलं, तारखा पक्क्या केल्या, चार वेळा चालवलं, चारही फाईली बाइट न बाइट सारख्या. सेक्रेटरींना नवा नमुना दाखवला तर "हा ००४७ पाणी घालतोय वाटतं" म्हणाले, म्हणजे जमलं म्हणायचं. दोनदा येणारा सभासद आता दर वेळी दोनदाच येतोय. बसतो त्याच्या मागे.